वर्षावनाचे छत्र आणि आपला तक्ता : वनगणना करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे जागतिक वनसंपदेची पाहणी करणारे तज्ज्ञ आणि त्यांना आपापल्या देशाची आकडेवारी पुरवणारे अधिकारी यांस

विषय : वर्षावनांच्या गणनेत वृक्षछत्राची नोंद कशी व्हावी याबाबत

महोदय,

जमीन ०.५ हेक्टरहून मोठी असावी, तिच्यावर ५ मीटरपेक्षा उंच किंवा तेवढी उंच होऊ शकणारी झाडे असावीत, झाडांच्या छत्राने तिचा १० टक्क्यांहून अधिक भाग झाकलेला असावा आणि ती मुख्यतः शेतीच्या वा वस्तीच्या वापरात नसावी, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की आपल्या पाहणीत ती जमीन वन म्हणून नोंदली जाते. २०२० सालच्या आपल्या अहवालात जगातील वनांचे क्षेत्र ४०६ कोटी हेक्टर, म्हणजे एकूण भूभागाच्या ३१ टक्के दिले होते. तो आकडा याच चाळणीतून खाली आलेला आहे. हवामानविषयक करारांसाठी २००१ साली माराकेश येथे ठरलेली व्याख्याही याच वळणाची असून तिने प्रत्येक देशाला छत्राची मर्यादा १० ते ३० टक्के आणि उंचीची मर्यादा २ ते ५ मीटर यांच्या दरम्यान निवडण्याची मुभा दिली.

या व्याख्यांत ‘छत्र’ हा शब्द एका क्षेत्रफळासाठी आलेला आहे. वरून सरळ खाली पाहिले असता झाडांच्या शेंड्यांनी किती जमीन झाकलेली दिसते, एवढेच तो सांगतो. छत्री उघडल्यावर खाली किती जागा कोरडी राहील हे मोजावे, तशातला हा प्रकार आहे. इतर वनांच्या बाबतीत तो कदाचित पुरेसा असेल, पण वर्षावनात छत्र हाच वनाचा सर्वांत दाट वस्तीचा भाग असतो. त्याला स्वतःची माती असते, स्वतःची पाणवठ्याची जागा असते, ये-जा करण्याच्या वाटा असतात आणि त्यातील काही गोष्टी घडायला माणसाच्या एका पिढीहून अधिक काळ लागतो. हे सारे एका टक्केवारीत बसवल्यामुळे काय नजरेआड होते, ते आपल्यापुढे मांडावे यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी वनाधिकारी नाही आणि संशोधकही नाही. वर्षावनांवरचे लेखन बराच काळ आवडीने वाचत आलेली एक व्यक्ती, एवढाच माझा अधिकार समजावा.

आधी आपल्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणतो. उत्तर ध्रुववृत्ताजवळची सूचिपर्णी वने, कोरड्या गवताळ प्रदेशाच्या कडेची विरळ झाडी आणि विषुववृत्तावरचे वर्षावन या सर्वांना लागू पडेल अशी एकच व्याख्या हवी असेल, तर ती ढोबळच असणार. ती दर पाहणीला बदलत राहिली, तर एका दशकाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही, हेही खरे. शिवाय निसर्गतः वाढलेली वने, लागवडीची वने आणि माणसाचा हात न लागलेली मूळ वने यांचे रकाने आपण वेगवेगळे ठेवता, हे मला ठाऊक आहे. अडचण अशी की अहवाल प्रसिद्ध झाला की जगभर पसरतो तो एकूण क्षेत्राचा एकच आकडा, आणि धोरणे आखणारे, निधी वाटणारे व आश्वासने देणारे त्याच आकड्याच्या चढउताराकडे पाहतात. त्या आकड्यात रबराच्या लागवडी असतात. नाताळात कापून दिवाणखान्यात उभी करण्यासाठी वाढवलेली झाडेही असतात. व्यवस्थापनाचा भाग म्हणून सपाट तोडलेली आणि पाच वर्षांत पुन्हा वाढेल अशी अपेक्षा असलेली जमीनही असते. तिच्यावर त्या घटकेला एकही झाड उभे नसले, तरी ती वनच राहते. तेलमाड मात्र आपण वगळला आहे, आणि रबराला आत घेताना तेलमाडाला दाराबाहेर ठेवण्यामागचे तर्कशास्त्र मला आजवर नीट उलगडलेले नाही.

आता ५ मीटर उंचीचा विचार करावा. वर्षावनात वरच्या पानांवर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. म्हणजे ५ मीटर उंचीवर तिथे अजून अंधारच असतो; मुख्य छत्र त्याच्याही वर ३० ते ४५ मीटरवर पसरलेले असते आणि काही उत्तुंग वृक्ष तेही भेदून वर निघालेले असतात. बोर्निओ बेटावरील साबा राज्यात, दानुम खोऱ्यातील पिवळ्या मेरांतीचे एक झाड २०१९ साली प्रत्यक्ष वर चढून मोजण्यात आले, तेव्हा त्याची उंची १००.८ मीटर भरली. जमिनीपासून अशा झाडाच्या शेंड्यापर्यंत जाताना हवामान बदलत जाते. खाली हवा दमट आणि जवळजवळ स्तब्ध असते. वर दुपारचे ऊन, कोरडा वारा आणि पावसाचा थेट मारा असतो. एकाच झाडाची खालची पाने मोठी व पातळ आणि शेंड्याची पाने लहान व जाड असतात, कारण ती जणू दोन वेगळ्या प्रदेशांत वाढलेली असतात. या उभ्या प्रवासात पायरीगणिक रहिवासी बदलतात. ज्या मोजपट्टीचा शेवटचा आकडा ५ मीटर आहे, तिला या पायऱ्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते ते छत्रातल्या मातीपाशी, कारण वनांच्या हिशेबात तिचा उल्लेख मी क्वचितच पाहिला आहे. जमिनीशी संबंध न ठेवता दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. मराठीत आयतखाऊ माणसाला बांडगूळ म्हणण्याची रीत असल्यामुळे फांदीवरच्या प्रत्येक हिरव्या गोष्टीकडे संशयाने पाहिले जाते, पण बांडगूळ झाडाच्या आत मुळे खुपसून रस शोषते आणि अपिवनस्पती झाडाकडून केवळ उभे राहण्याची जागा घेते. ऑर्किडे, नेचे, अननसाच्या कुळातील ब्रोमेलिया आणि इतर अनेक कुळे मिळून अशा सुमारे ३१,००० जाती ज्ञात आहेत. जगातील संवहनी, म्हणजे पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिका असलेल्या, वनस्पतींच्या दर दहा जातींमागे जवळपास एक जाती अशी अधांतरी जगते. त्यांच्या आणि शेवाळ्यांच्या जाळ्यात वाऱ्याने आलेली धूळ, गळालेली पाने, किड्यांची विष्ठा आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेली क्षारद्रव्ये अडकतात, कुजतात आणि जाड फांद्यांवर गडद रंगाच्या, ओलसर मातीचा थर तयार होतो. त्या मातीत गांडुळे, माइट आणि बुरश्या राहतात.

या मातीविषयी छत्राच्या अभ्यासक नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण मला अजूनही थक्क करते. त्यांना असे दिसले की वृक्ष स्वतःच्या फांद्यांतून मुळे फोडतो आणि ती त्याच फांद्यांवर साचलेल्या मातीत शिरून अन्नद्रव्ये घेतात. म्हणजे जमिनीत पाय रोवून उभे असलेले झाड आपल्याच खांद्यावरच्या शेतातूनही जेवत असते. हे निरीक्षण प्रथम वॉशिंग्टन राज्यातील समशीतोष्ण वर्षावनातील मेपलच्या झाडांवर झाले आणि उष्ण कटिबंधातील वृक्षांतही तसेच आढळले. पुढे कोस्टा रिकातील मोंतेवेर्दे येथील मेघवनात त्यांनी काही फांद्यांवरचा सारा थर मुद्दाम काढून टाकला आणि तो पुन्हा कधी भरून येतो याची नोंद ठेवली. पहिली काही वर्षे फांद्यांची वरची बाजू उघडीच राहिली. नंतर शेवाळे धरू लागले, पण मूळच्या थराची जाडी आणि त्यातील वनस्पतींची विविधता लवकर परतली नाही. हे जुन्या, धडधाकट, जिवंत फांदीवर घडले होते आणि बियाणे व बीजाणू पुरवणारे जुने वन चारही बाजूंना उभे होते. मग कापलेल्या वनाच्या जागी लावलेली सडपातळ, गुळगुळीत सालीची, एकाच वयाची झाडे तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा कापली जाणार असतील, तर त्यांच्या फांद्यांवर हा थर कधी आणि कसा बसावा? आपल्या तक्त्यात मात्र त्या झाडांनी १० टक्के सावली धरली, की हिशेब चुकता झालेला असतो.

अशा एका अपिवनस्पतीत किती जीव राहू शकतात, याचे उत्तरही दानुम खोऱ्यातूनच आले. तिथे उंच झाडांवर टोपलीच्या आकाराचे, पक्ष्याचे घरटे वाटावे असे नेचे वाढतात. त्यांच्या मधल्या खोलगट भागात पालापाचोळा साठून कुजत राहतो आणि पूर्ण वाढलेल्या नेच्याचे ओले वजन २०० किलोपर्यंत जाते. एलवूड आणि फॉस्टर या संशोधकांनी हे नेचे उतरवून त्यांतील अपृष्ठवंशी जीव मोजले, तेव्हा एका मोठ्या नेच्यात झाडाच्या उरलेल्या सबंध शेंड्याइतके जीव असू शकतात असे दिसून आले, आणि वर्षावनाच्या छत्रातील अपृष्ठवंशी जीवांच्या वजनाचा तोवरचा अंदाज जवळपास दुप्पट करावा लागला. हा निष्कर्ष २००४ सालचा आहे. इतकी मोठी गोष्ट तोपर्यंत निसटली, कारण फवारणीने किडे खाली पाडण्याची पद्धत नेच्यांच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नव्हती. मोजण्याची पद्धत अपुरी असली की जे निसटते ते किरकोळच असते असे धरून चालता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

ब्रोमेलियाची गोष्ट याहून मजेची आहे. तिच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साठते आणि जमिनीपासून कितीतरी उंचीवर लहान लहान तळी तयार होतात. जमैका बेटावरील एका जातीची खेकडीण आपली पिले याच तळ्यांत वाढवते. ती आतला कुजका पाला बाहेर काढते आणि पाण्याची आम्लता कमी व्हावी व पिलांच्या कवचाला कॅल्शियम मिळावे म्हणून गोगलगायींचे रिकामे शंख आणून पाण्यात ठेवते. मध्य अमेरिकेतील लाल रंगाच्या एका विषारी बेडकाची मादी पाठीवरून एकेक पिलू नेऊन वेगवेगळ्या बेचक्यात सोडते आणि त्या प्रत्येकाकडे परत परत जाऊन, त्याला खाण्यासाठी अफलित अंडी घालते. एका बेडकीने इतके पत्ते लक्षात ठेवावेत, हे आपल्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांना विशेष भावेल.

छत्रातील कीटकांच्या मोजणीलाही एक इतिहास आहे आणि त्यातील चुकांसकट तो सांगण्यासारखा आहे. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडले आणि खाली पडलेल्या किड्यांतून भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती वेगळ्या केल्या. त्यांपैकी किती जाती केवळ त्याच झाडावर अवलंबून असतील याचा अंदाज बांधून त्यांनी १९८२ साली असा हिशेब मांडला की उष्ण कटिबंधात संधिपाद (कीटक, कोळी यांसारख्या सांधेदार पायांच्या) प्राण्यांच्या ३ कोटी जाती असाव्यात. हा आकडा आज कुणी धरत नाही. न्यू गिनीत पाने खाणाऱ्या कीटकांचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की बहुतेक कीटक एका झाडाच्या जातीला इतके चिकटून नसतात. त्यामुळे अंदाज बराच खाली आला. तरीही अर्विन यांच्या त्या चुकलेल्या आकड्याचे उपकार मानावे लागतात, कारण त्यानंतर संशोधक दोर, मनोरे आणि यंत्रे घेऊन वर जाऊ लागले. पनामातील सान लोरेन्सोच्या वनात जमिनीपासून शेंड्यापर्यंत सर्व स्तरांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. केवळ ०.४८ हेक्टर जागेतून संधिपाद प्राण्यांच्या ६,१४४ जाती मिळाल्या होत्या आणि ६,००० हेक्टरच्या त्या सबंध वनात सुमारे २५,००० जाती असाव्यात असा अंदाज निघाला. ही ०.४८ हेक्टर जागा आपल्या ०.५ हेक्टरच्या अटीहून किंचित लहान आहे. म्हणजे तेवढाच तुकडा एकटा उभा असता, तर तो आपल्या व्याख्येत वन म्हणून बसलाच नसता.

छत्राची सलगता हा आपल्या टक्केवारीतून पूर्णपणे निसटणारा दुसरा मुद्दा आहे. ६० टक्के आच्छादन एकसंध असू शकते आणि तेच ६० टक्के शंभर ठिकाणी तुटलेलेही असू शकते. तक्त्यात दोन्ही सारखेच. छत्रात राहणाऱ्या प्राण्यांसाठी मात्र फांदीला फांदी टेकणे हीच वाट असते. चीनच्या हायनान बेटावर गिबनची एक जाती उरली आहे आणि तिची एकूण संख्या काही डझनांत मोजावी इतकी कमी आहे. २०१४ सालच्या चक्रीवादळात तिथे दरड कोसळली आणि एका टोळीच्या नेहमीच्या वाटेवर सुमारे १५ मीटर रुंदीची फट पडली. ती ओलांडण्यासाठी प्राणी जिवावर उदार होऊन उड्या मारू लागले. २०१५ च्या अखेरीस संशोधकांनी तिथे दोरांचा पूल बांधला आणि त्यावर पहिला गिबन दिसायला जवळपास सहा महिने लागले. उपग्रहाच्या चित्रात १५ मीटरची फट म्हणजे एखादा ठिपका, आणि वनक्षेत्राच्या आकड्यात ती शून्य.

फटीच होऊ नयेत, किंवा झाल्या तर ओलांडता याव्यात, यासाठी या वस्तीने केलेली तयारी पाहिली की सलगतेचे मोल कळते. आग्नेय आशियाच्या वर्षावनांत तरंगत जाणाऱ्या खारी, सरडे, बेडूक आणि सापसुद्धा आहेत. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील एका जातीची मुंगी फांदीवरून पडली की हवेतच पोटाचा भाग खोडाच्या दिशेने वळवून पुन्हा त्याच झाडाला येऊन चिकटते. खालच्या अंधारात आणि पुराच्या पाण्यात पडणे म्हणजे तिच्यासाठी मरणच. महावेलींनी दोन झाडांमध्ये टाकलेले पूल तर असंख्य प्राणी रोज वापरतात, आणि लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून पहिल्यांदा त्याच छाटल्या जातात.

पाण्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल आपल्या संघटनेनेच पुष्कळ प्रकाशित केले आहे. छत्र पाऊस अडवते, थोपवते, हळूहळू खाली सोडते आणि पर्णरंध्रांतून पुन्हा हवेत पाठवते; ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पावसाचा मोठा वाटा याच वाटेने पुन्हा पाऊस होऊन येतो. मेघवनांत तर शेवाळ्यांनी मढलेल्या फांद्या ढगातले थेंब गाळून घेतात आणि पाऊस नसतानाही जमीन ओली ठेवतात. उघड्या फांदीला हे तितकेसे जमत नाही, म्हणून पुन्हा मातीच्या त्या थराकडे लक्ष वेधतो. उष्णतेचा प्रश्न नवा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील उपकरणाने घेतलेल्या नोंदींच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वर्षभरात वरच्या थरातील सुमारे ०.०१ टक्के पाने ४६.७ अंश सेल्सिअसची, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा जिथे कोलमडू लागते ती मर्यादा ओलांडतात. प्रमाण अत्यल्प आहे, परंतु छत्र विरळ झाले आणि आत ऊन व वारा शिरला, तर खालच्या थरांनाही, ज्यांना असे ऊन कधी ठाऊकच नव्हते, तीच झळ लागणार हे उघड आहे.

आता आपल्या आकड्यांवर ज्याचा थेट परिणाम होतो, त्या निवडक वृक्षतोडीकडे येतो. आपल्या परिभाषेत वनतोड म्हणजे वनाची जमीन दुसऱ्या वापराला लागणे. हेक्टरी निवडून सर्वांत मोठे पाच-दहा वृक्ष काढून नेले तर वापर बदलत नाही, सावली १० टक्क्यांच्या कितीतरी वर राहते आणि वनक्षेत्राचा आकडा जागचा हलत नाही. पण त्या वृक्षांबरोबर जे गेले ते पाहावे. निरनिराळ्या हवामानांतील ४८ मोठ्या अभ्यासखंडांवरून (म्हणजे झाडे मोजण्यासाठी आखून ठेवलेल्या वनाच्या तुकड्यांवरून) २०१८ साली असे दाखवून देण्यात आले की सर्वांत मोठ्या १ टक्का झाडांत जमिनीवरील एकूण जिवंत वस्तुमानाचा सरासरी अर्धा भाग सामावलेला असतो. जाड फांद्या त्यांनाच असतात, म्हणून मातीचे थर व मोठे नेचे त्यांच्यावरच असतात. धनेशाची मादी स्वतःला चिणून घेते ती ढोली जुन्या, जाड खोडातच सापडते. दक्षिण अमेरिकेतील हार्पी गरुड घरटे बांधतो तेही छत्राच्या वर डोके काढलेल्या वृक्षाच्या बेचक्यात, आणि त्याची जोडी दोन-तीन वर्षांत एकच पिलू वाढवते. वडाच्या जातीची अनेक झाडे आपले आयुष्य अशाच एखाद्या उंच फांदीवर, पक्ष्याने टाकलेल्या बीपासून सुरू करतात आणि इतर फळे नसतात त्या महिन्यांत साऱ्या वनाला खाऊ घालतात. घरातले वडीलधारे माणूस गेले की छत्र हरपले असे आपण म्हणतो; इथे तो वाक्प्रचार अक्षरशः लागू पडतो, आणि तरीही तक्त्यातील छत्र तेवढेच राहते.

कुऱ्हाड लागली नाही तरीही हे घडते. ब्राझीलमधील मनाउस शहराजवळ १९७९ पासून वनाच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तिथे आढळले की तुकड्याच्या कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठे वृक्ष आतल्या वनापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मरतात. कारणे साधी आहेत : वारा, कोरडेपणा, आणि उजेड मिळाल्यामुळे चेकाळलेल्या महावेली. हे तुकडे आपल्या नोंदीत वनच असतात.

आणि मग भरपाई म्हणून जे दाखवले जाते ते येते. २०११ साली बॉन येथे सुरू झालेल्या उपक्रमात २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर भूमीवर वने पुन्हा उभी करण्याचे लक्ष्य आहे. ज्या देशांनी तपशील जाहीर केले होते, त्यांच्या योजना सायमन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली तपासल्या, तेव्हा सुमारे ४५ टक्के क्षेत्रावर एकाच जातीच्या झाडांच्या व्यापारी लागवडीचा बेत दिसला. त्याच लेखातील हिशेबानुसार नैसर्गिक वन परत वाढू दिले, तर साठणारा कार्बन अशा लागवडीच्या सरासरी ४० पट असतो. लागवडीला माझा विरोध नाही. जगाला लाकूड लागते, कागद लागतो, आणि तो लागवडीतून आला तर वर्षावनावरचा भार हलका होतो. तिला वर्षावनाच्या जमाखात्यात भरू नये, एवढेच म्हणणे आहे.

पूर्वी यावर एक रास्त उत्तर होते : छत्र मोजणार कसे? ते हाताबाहेर होते. १९७० च्या दशकात काही संशोधक गिर्यारोहणाचे दोर वापरून वर चढू लागले. १९८६ साली फ्रेंच गयानामध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हाले (Hallé) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगवलेला तराफा गरम हवेवर तरंगणाऱ्या वायुनौकेने झाडांच्या शेंड्यांवर नेऊन ठेवला. १९९० साली पनामात इमारती बांधण्याची क्रेन वनात उभी करून तिच्या पाळण्यातून पाने मोजली जाऊ लागली. यातील एकही साधन कोट्यवधी हेक्टरसाठी उपयोगी नव्हते. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाकडे रवाना झालेले लेसर उपकरण, जेडी, सुमारे २५ मीटर व्यासाच्या एकेका ठिपक्यात किरण सोडते आणि शेंड्यापासून जमिनीपर्यंत पानांचे थर कोणत्या उंचीवर किती दाट आहेत, हे परत आलेल्या प्रकाशावरून सांगते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंची सर्व वर्षावने त्याच्या टप्प्यात येतात. त्याला फांदीवरचे शेवाळे दिसत नाही आणि बेडकीची तळीही दिसत नाहीत, हे मान्य. पण उंची, थर आणि फटी दिसतात, आणि उरलेल्या बहुतेक गोष्टी याच तीन गोष्टींच्या आधाराने राहतात.

माझी मागणी व्याख्या मोडण्याची नाही. जुना आकडा जुन्या रीतीने देत राहावे, म्हणजे दशकांची तुलना टिकेल. त्याच्या शेजारी मात्र, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत, उष्ण कटिबंधातील वर्षावनांसाठी दुसरा आकडा द्यावा : ज्यांच्या छत्राची उंची व थर त्या प्रदेशातील जुन्या वनाशी जुळतात आणि ज्यांचे छत्र सलग आहे, असे क्षेत्र किती उरले. कोणत्या प्रदेशात जुने वन म्हणजे किती उंच, हे तिथल्या कायम अभ्यासखंडांवरून ठरवता येईल. सपाट तोडलेली जमीन वर्षावनाच्या प्रदेशात असेल, तर तिला पाच वर्षांच्या भरवशावर या दुसऱ्या आकड्यात घेऊ नये. निवडक तोड झालेली वने वेगळी दाखवावीत आणि तोडीनंतर किती वर्षे लोटली त्याची नोंद सोबत असावी, कारण मातीचा थर, ढोली आणि वडाची झाडे यांच्याबाबतीत तेवढा एक आकडा टक्केवारीपेक्षा कितीतरी अधिक सांगतो. गरीब देशांवर या कामाचा बोजा पडेल अशी हरकत घेतली जाईल आणि ती रास्तही आहे. म्हणून अंतराळातून मिळणाऱ्या नोंदींचे प्राथमिक विश्लेषण आपल्या रोममधील मुख्यालयानेच करून द्यावे आणि देशांच्या अधिकाऱ्यांकडे ते केवळ पडताळणीसाठी पाठवावे. काही देशांचे आकडे त्यामुळे बरेच खाली येतील आणि ते नाराज होतील. त्या नाराजीला सामोरे जाण्याइतके वजन आपल्या संघटनेकडे आहे, अशी माझी समजूत आहे.

प्रत्येक पाहणीच्या आधी आपण संज्ञा आणि व्याख्यांची पुस्तिका काढता. वनाच्या व्याख्येखाली तीत स्पष्टीकरणाच्या टिपा असतात. रबर, बुचाचे ओक आणि नाताळची झाडे आत घ्यावीत हे तिथेच सांगितलेले आहे. पुढील पुस्तिकेत त्या टिपेच्या खाली वर्षावनाच्या छत्रासाठी आणखी एक टीप घालावी, ही विनंती.

आपला नम्र,
वर्षावनांचा एक वाचक